पार्सल सुनेच्या नावावर

मंगळवार हा उल्काच्या इमारतीत प्लास्टिकच्या कचऱ्याचा दिवस. दह्याचे डबे, तोफूच्या थाळ्या, बिस्किटांची वेष्टणं धुऊन-वाळवून पारदर्शक पिशवीत भरायची आणि आठच्या आत खाली, कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून लावलेल्या जाळीखाली नेऊन ठेवायची. जपानमधल्या इचिकावात राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात तिची पिशवी चिठ्ठी चिकटवून तिथेच ठेवलेली होती, कारण एका डब्याला लोणच्याचं तेल राहिलं होतं. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. सात वर्षांत तिच्या पिशवीला दुसरी चिठ्ठी लागली नाही, आणि ही गोष्ट ती माहेरच्या फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगायची. अशा नाकासमोर चालणाऱ्या बाईच्या दारात पोलीस यावेत, याला काय म्हणावं!

पण ते आले. त्या मंगळवारी नचिकेत साडेसातलाच ऑफिसला गेला होता. आठ वर्षांची ज्ञानदा पाठीवर दप्तर अडकवून, "इत्तेकिमास", म्हणजे जाऊन येते, असं म्हणून शाळेला पळाली होती. उल्काची सुपरमार्केटातली पाळी दुपारी एकची. तिथल्या तयार जेवणाच्या काउंटरवर ती कोरोक्के, म्हणजे बटाट्याचे कटलेट तळायची, डबे भरायची. तोवर ओटा आवरावा म्हणून तिने कुकर घासायला घेतला आणि साडेदहाला बेल वाजली. सासूबाईंचं पार्सल होतं.

सांगलीहून वर्षातून चार वेळा पार्सल यायचं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, नातीसाठी परकर-पोलकं आणि नचिकेतचं चूर्ण. नचिकेतला झोपेची तक्रार होती. सांगलीचे वैद्य त्याला चूर्ण करून द्यायचे आणि सासूबाई, अरुणाबाई, ते जुन्या मेतकुटाच्या बरणीत भरून पाठवायच्या. पार्सलावर नाव मात्र कायम उल्काचं. दिवसा घरी ती, घेणार ती, सही करणार ती. सात वर्षांत हे कुणाला खटकलं नव्हतं, खुद्द उल्कालाही नाही. तिने सही केली, पार्सलवाल्याला वाकून धन्यवाद दिले आणि खोकं स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.

पाचव्या मिनिटाला पुन्हा बेल वाजली. दारात सहा माणसं होती, त्यांत एक बाई. त्यांनी झडतीचा कागद दाखवला; पार्सलाचा संशय विमानतळावरच आला होता. मग सहाही जणांनी आत येताना बूट काढून, टोकं दाराकडे करून, ओळीत नीट लावून ठेवले. उल्काला पुढे कितीतरी दिवस ते बूटच आठवत राहिले. एवढी रीतभात असलेली माणसं आपल्या घरात काय शोधताहेत, हे तिला कळेना. त्यांनी खोकं उघडलं, भाजणी बाजूला ठेवली, बरणीतलं हिरवट चूर्ण चिमूटभर काढून एका नळीत टाकलं. नळीतल्या पाण्याचा रंग बदलला. त्या बाईने घड्याळात पाहून वेळ मोठ्याने वाचली आणि दुसऱ्याने ती लिहून घेतली.

"तुम्हाला अटक केलेली नाही," ती बाई अगदी हळू जपानीत म्हणाली. "पण चौकशीसाठी स्वखुशीने आमच्याबरोबर या."

पासपोर्टही स्वखुशीने घेतला, मोबाइलही स्वखुशीने घेतला. त्याआधी तिला नवऱ्याला एक फोन करू दिला. फोनवर नचिकेतने सगळं ऐकून घेतलं. मग घाईघाईने म्हणाला, "हे बघ, घाबरू नकोस. नीट सॉरी म्हण, सगळ्याला सहकार्य कर. आणि वकील-बिकील मागू नकोस हं. वकील मागितला की त्यांना वाटणार, हिच्या मनात काहीतरी आहे. आपण काय गुन्हेगार आहोत का?"

उल्काला ते पटलं. तिच्या माहेरी-सासरी वकिलाचं नाव भांडखोर भाऊबंदांच्या संदर्भातच निघायचं. चांगल्या घरातल्या बाईला वकील कशाला लागेल? पोलीस ठाण्यात तिला सांगितलं गेलं, की नको असेल तर तुम्ही उत्तर देऊ नका, तो तुमचा अधिकार आहे. तेव्हा तिने मान हलवून सांगितलं, की मी सगळं सांगते. आणि ती पाच तास सांगत राहिली. मराठीचा दुभाषी मिळाला नाही म्हणून हिंदीचा आणला होता. उल्का मनात मराठीत विचार करायची, तोंडाने हिंदीत बोलायची आणि समोरचा अधिकारी ते जपानीत उतरवायचा.

संध्याकाळी घरी आल्यावर जेवताना तिने नचिकेतला सरळ विचारलं, "त्या चूर्णात होतं तरी काय?"

त्याने भाताचा घास पुन्हा ताटात ठेवला. "वैद्यांनी त्यात थोडी विजया घातली होती. झोपेसाठी."

"विजया म्हणजे?"

"अगं, भांग. पण औषध म्हणून ग! आयुर्वेदिक आहे ते."

"तुला माहीत होतं?"

"आईने मला मेसेज केला होता. तिथे कुणाला सांगू नकोस म्हणाली होती." मग ताटाकडे बघत तो म्हणाला, "तो मेसेज मी आज काढून टाकला."

उल्काच्या पायाखालची जमीन सरकली. आपल्या नावाचं खोकं, आपल्या सहीचं खोकं, आणि त्यात काय आहे हे आपण सोडून घरातल्या दोघांना ठाऊक! ती त्याच्यावर ओरडली असती, पण शेजारी बसलेली ज्ञानदा पापड मोडता मोडता दोघांच्या तोंडाकडे बघत होती. उल्काने पोरीच्या ताटात आमटी वाढली आणि विषय तिथेच राहिला.

शुक्रवारी तिला पुन्हा बोलावलं, पुढच्या मंगळवारी पुन्हा. दर वेळी तेच प्रश्न. वास कसा होता? हिरवट होता. विचित्र वाटला का? हो, जरा विचित्रच होता. तिसऱ्या खेपेला अधिकारी म्हणाला, की तुमचा जबाब आम्ही लिहून काढतोय. पुढच्या आठवड्यात गुरुवारी या, वाचून दाखवू, मग सही करा. सही झाली की सगळं सोपं होईल, असंही तो म्हणाला. आवाज इतका गोड, की उल्का त्याला धन्यवाद देऊन बाहेर पडली.

शनिवारी उल्हासकाका आले. टोकियोत, बरीच मराठी कुटुंबं असलेल्या ओजिमात राहणारे उल्हासकाका जपानमध्ये पंचवीस वर्षं काढलेले, मराठी मंडळाच्या गणपतीचे कर्तेधर्ते. कुणाची नोकरी अडली, कुणाचं घरमालकाशी वाजलं, कुणाच्या संसारात कुरबूर झाली, की काका येऊन मिटवायचे. मिटवायचे म्हणजे कुणाला कळू न देता दाबायचे, हे बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती. नचिकेतने त्यांना सगळं सांगितलंच होतं. उल्काने चहा आणि चकल्या पुढे ठेवल्या.

"उल्का, बस अशी," काका म्हणाले. "हा देश माफीचा आहे. इथे वाकून सॉरी म्हटलं की निम्मं काम होतं. वकील आणलास की ते म्हणणार, ही भांडायला आली. शिवाय वकील आला की दुभाषी आला, दुभाषी म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी. दोन दिवसांत अख्ख्या ओजिमाला कळेल."

"पण काका, मला खरंच माहीत नव्हतं हो त्यात काय आहे ते."

"ते मला माहितीये ग. पण विचार कर. नचिकेतचा परमनंट रेसिडेन्सीचा अर्ज आतमध्ये आहे. कंपनीत त्याचं नाव पुढे चाललंय. त्याचं नाव यात आलं की सगळं गेलं. तू तर डिपेंडंट व्हिसावर. पहिलीच चूक, बाईमाणूस, लहान मूल. तुला काही आत टाकत नाहीत. तू म्हण, माझ्या झोपेसाठी मीच मागवलं होतं. सही कर आणि मोकळी हो. तुझं काय बिघडतंय?"

त्यांनी चकली मोडली. एका बाईचं काय बिघडतं, हा प्रश्न या माणसाला खरोखर पडला असता, तर त्याचं उत्तर शोधायला त्याला फार लांब जावं लागलं नसतं. पण तो प्रश्न नव्हताच. उल्काने नचिकेतकडे पाहिलं, तर तो चहात चकली बुडवण्यात गढलेला.

तेवढ्यात नचिकेतच्या फोनवर सांगलीचा व्हिडिओ कॉल आला. अरुणाबाई रडून रडून डोळे सुजवून बसल्या होत्या. खरं सांगायचं तर त्या वाईट बाई नव्हत्या. बाळंतपणात त्यांनी उल्काचे पाय चेपले होते.

"उल्का, मी तुझ्या पाया पडते हवं तर," त्या म्हणाल्या. "पण आपल्या घरातल्या पुरुषाचं नाव आजवर कधी पोलिसात गेलेलं नाही. तुझे सासरे बँकेत होते ना, तेव्हा त्यांच्याकडनं तिजोरीची चावी हरवली होती. मी साहेबांच्या घरी जाऊन सांगितलं, की चावी माझ्या हातनं गेली, मी धुण्यात टाकली. साहेब मला काय काय बोलले! पण ह्यांची नोकरी राहिली. बाईने एवढं करायचंच असतं ग."

"आई, तुम्ही चावी हरवली होती का?"

"नाही ना. म्हणून तर सांगतेय."

अरुणाबाईंच्या स्वरात पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या अपमानाचा अभिमान होता. उल्काला त्यांच्यावर रागही येईना आणि त्यांचं पटेनाही. तिने फोन नचिकेतच्या हातात दिला आणि ती गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढू लागली. सात मजले खाली इमारतीची जाळी दिसत होती, रिकामी, धुतलेली. करावी का सही? तिच्या मनाने जवळजवळ घेतलंच होतं. एवढी सगळी माणसं सांगताहेत तर तेच बरोबर असेल, असं वाटायला लागतं माणसाला.

रविवारी ती ज्ञानदाला घेऊन एदोगावा नदीच्या बांधावर सायकल चालवायला गेली. पुढच्या आठवड्यात शाळेचा उंदोकाई होता. त्या खेळांच्या दिवसासाठी ज्ञानदा सारखी पळायचा सराव करत होती. दोन चकरा मारून ती आईजवळ येऊन बसली आणि तिने विचारलं, "मामा, इंदो नि इत्सु इकु नो?" जपानी पोरांसारखं ती आईला मामा म्हणायची; इंडियाला कधी जाणार, असं विचारत होती.

"इंडियाला? मी कशाला जाईन इंडियाला?"

"पापा म्हणाले. तू जाणार, मग आजी येणार. मी आणि पापा इथेच." मग ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "पण आजी अंडं करत नाही. उंदोकाईच्या डब्यात सगळ्यांना तो अंड्याचा तामागोयाकी असतो. मला नसला तर?"

उल्काने पोरीच्या हेल्मेटचा पट्टा उगाचच सोडला आणि पुन्हा लावला. नचिकेतला ठाऊक होतं तर! सही केल्यावर बायकोला हा देश सोडावा लागेल हे त्याने कुठेतरी वाचलं होतं, आईला यायला सांगितलं होतं, मुलीची समजूत घालून ठेवली होती. ज्या बाईचं आयुष्य उचलून ठेवायचं होतं, तिलाच तेवढं सांगायचं राहिलं होतं. उल्काला रडू आलं नाही, संताप आला, आणि गेल्या दोन आठवड्यांत पहिल्यांदाच तिचं डोकं नीट चालू लागलं.

वकील कुठून शोधायचा? तिच्या ओळखीत वकिलाकडे गेलेली बाई एकच होती, अनघा. तीन वर्षांपूर्वी अनघाने नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून वकील केला, कोर्टात गेली आणि मुलाला घेऊन वेगळी राहिली. उल्हासकाका मिटवायला गेले, तर तिने त्यांना चहा पाजून दारातून परत पाठवलं. तेव्हापासून ओजिमात तिचं नाव 'कोर्टवाली' पडलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या यादीतून तिचं नाव गळलं. आणि गेल्या वर्षी ती यादी करणारी होती उल्काच. कुणीतरी म्हणालं, कशाला उगाच, आणि उल्काने पेनने एक रेघ ओढली.

सोमवारी कामावरून सुटल्यावर ती मोतोयावाता स्टेशनवरून गाडीत बसली आणि ओजिमाला उतरली. अनघा सरकारी वसाहतीत राहायची, सातव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये कुणी मराठी भेटलं तर काय सांगायचं, या धास्तीने उल्का जिन्याने चढली. दार उघडलं तेव्हा तिला धाप लागली होती.

"लिफ्ट बंद आहे का?" अनघाने विचारलं.

"नाही. मी जिन्याने आले."

अनघाला कळायचं ते कळलं. "अरे वा," ती म्हणाली. "माझ्या वकीलबाई भेटायला यायच्या ना, त्या बिचाऱ्या लिफ्टनेच यायच्या. ये आत."

उल्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चपला काढता काढता तिने हळदीकुंकवाचं सांगून टाकलं, की ती रेघ मी ओढली होती.

"माहितीये मला," अनघा म्हणाली. "अक्षर ओळखते मी तुझं. यादीचा फोटो पाठवला होता कुणीतरी, मुद्दाम. तेव्हा रडले होते ग मी. आता तू बस. काय झालंय?"

उल्काने सगळं सांगितलं. अनघाने मधे एकच प्रश्न विचारला. "सही केलीस का?"

"नाही. गुरुवारी आहे."

"मग वेळ आहे," असं म्हणून तिने फोन उचलला.

होसाका-सान या वकीलबाईंचं ऑफिस एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. मंगळवारी दुपारी अनघाने रजा काढून उल्काला तिथे नेलं आणि दुभाष्याचं काम स्वतः केलं. होसाका-सान पन्नाशीच्या, बुटक्या, चष्मा कपाळावर ठेवून बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी हे विचारलं, की वकील घेऊ नका, असं तुम्हाला कुणी सांगितलं?

"सगळ्यांनी," उल्का म्हणाली.

"माझ्याकडे जपानी बायका येतात, त्याही हेच सांगतात. पोलिसांनी नाही, घरच्यांनीच अडवलेलं असतं."

मग त्यांनी एकेक गोष्ट समजावली. उल्का मन लावून ऐकत होती. अमली पदार्थांच्या कायद्याखाली दोषी ठरलात, तर शिक्षा स्थगित झाली, तुरुंगात एक दिवसही काढावा लागला नाही, तरी परदेशी माणसाला देशाबाहेर काढू शकतात. एकदा असं गेलं की परत येणं जवळजवळ अशक्य. तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, यावरच सगळं प्रकरण उभं आहे. म्हणून त्या जबाबात काय लिहिलंय हे सगळ्यात महत्त्वाचं. जे तुम्ही बोलला नाहीत त्यावर सही करू नका. सही करायलाच हवी असं कायदा कुठेही म्हणत नाही. चौकशीच्या खोलीत वकिलाला येऊ देत नाहीत, पण तुम्हाला अटक नाही, त्यामुळे तुम्ही कधीही उठून बाहेर येऊ शकता.

"मी बाहेर बाकावर बसेन," होसाका-सान म्हणाल्या. "हवं तितक्या वेळा बाहेर या आणि मला विचारा."

"आणि नवऱ्याचं नाव? ते सांगावंच लागेल का?"

होसाका-साननी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "गप्प राहायचा तुम्हाला अधिकार आहे. खोटं मात्र माझ्यासमोर ठरवू नका. आणि तुमच्या नवऱ्याचं काम मी करू शकत नाही. त्यांचं हित आणि तुमचं हित आता वेगळं आहे. त्यांना दुसरा वकील लागेल."

नवऱ्याचं हित आणि आपलं हित वेगळं, हे वाक्य अनघाने मराठीत सांगितलं तेव्हा उल्काच्या कानाला ते फार उघडं वाटलं. लग्नानंतर बारा वर्षांत असं कुणी तिला म्हणालं नव्हतं. फी आपल्या पगारातून देईन, असं तिने सांगितलं आणि वकीलपत्रावर स्वतःच्या नावाची सही केली.

बुधवारी संध्याकाळी तिने नचिकेतला ते सांगितलं. तो ताडकन उठला.

"वकील? कुणाला विचारून?"

"कुणालाही न विचारता."

"काकांनी एवढं समजावलं तुला! अगं, पोलीस आता माझ्याकडे येतील. माझी नोकरी, अर्ज, सगळं..."

"नचिकेत, मला एकदा बाहेर काढलं की परत येता येणार नाही, हे तुला माहीत होतं ना?"

तो पुन्हा खुर्चीत बसला. मग म्हणाला, "मला वाटलं, दोन-तीन वर्षांत काहीतरी मार्ग निघेल. ज्ञानदाची शाळा तुटायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं."

"ज्ञानदाची आई तुटली तर चाललं असतं?"

"तसं नाही ग."

"मग कसं?"

तो उठून फोन चार्जिंगला लावायला गेला. तो भित्रा होता, दुष्ट नव्हता; पण भित्र्या माणसाच्या घरात त्याच्या भीतीची किंमत दुसरंच कुणीतरी चुकवत असतं, आणि बहुतेक वेळा ते दुसरं माणूस बाईच असतं. त्या रात्री दोघं एकमेकांकडे पाठ करून झोपली.

गुरुवारी सकाळी दहाला ती पोलीस ठाण्यात गेली. होसाका-सान पाण्याची बाटली आणि भाताचे दोन गोळे, ओनिगिरी, घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या. अधिकाऱ्याने जबाब पुढे ठेवला, दुभाष्याने तो हिंदीतून वाचून दाखवला. पहिलं पान ठीक होतं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, 'वास विचित्र आल्यामुळे यात काहीतरी बेकायदा असावं, असं मला वाटलं होतं. तरीही मी ते मागवत राहिले.'

उल्काने ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. ही तिची तीन दिवसांची गोड उत्तरं! वास विचित्र होता, हे ती म्हणाली होती. पुढचं सगळं भात शिजावा तसं त्यातून फुगलं होतं.

"हे मी बोललेले नाही," ती म्हणाली. "मी काहीही मागवलं नाही. मी सही करणार नाही."

अधिकारी तसाच गोड हसला. किरकोळ शब्दांचा फरक आहे, म्हणाला. सही झाली नाही तर पुन्हा पुन्हा यावं लागेल, म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारलं, "तुमची मुलगी लहान आहे ना?"

उल्का उठली आणि बाहेर आली. बाकाजवळ जाऊन तिने मोडक्या जपानीत ते सांगितलं. होसाका-साननी तिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, की मुलीचं नाव काढतात ते तुम्ही डगमगावं म्हणून. ती परत आत गेली. पुन्हा बाहेर आली. पुन्हा आत गेली. चूर्ण कुणाचं होतं, या प्रश्नावर ती म्हणाली, "त्याचं उत्तर मी आज देणार नाही. माझं नव्हतं, एवढंच सांगते." दुपारचे तीन वाजले तेव्हा अधिकाऱ्याने पेनचं टोपण लावलं. त्याच्या आवाजातला गोडवा संपला होता. अटकही होऊ शकते, असं त्याने तिला बजावलं.

"होऊ शकते," रेल्वे स्टेशनकडे चालताना होसाका-सानही म्हणाल्या. "झाली तर त्याच दिवशी मी येईन. माझा नंबर पाठ करा, कारण फोन त्यांच्याकडे आहे." उल्काने घरी पोचेपर्यंत तो नंबर पाढ्यासारखा घोकला.

म्हणजे सुटका झाली नव्हतीच. पासपोर्ट पोलिसांकडे, फोन पोलिसांकडे, पुढच्या सोमवारचं बोलावणं हातात. फरक एवढाच, की त्या कागदावर तिची सही नव्हती.

नचिकेत लवकर घरी आला होता. टेबलावर त्याच्या फोनवर सांगलीचे सहा कॉल दिसत होते. "केलीस?" त्याने विचारलं.

"नाही."

तिने पर्समधून एक कार्ड काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्यावर एका पुरुषाचं नाव आणि नंबर होता.

"हे काय?"

"तुझ्यासाठी वकील. होसाका-साननी दिलाय. त्यांना आपलं दोघांचं काम घेता येत नाही."

"माझ्यासाठी?" नचिकेत कार्डाला हात लावेना. "उल्का, मी वकील केला म्हणजे लोकांना वाटेल की..."

"तू जाऊन जे खरं आहे ते सांगावंस असं मला वाटतं. नाही सांगितलंस तरी ते तुला बोलावतीलच. त्या खोलीत पाच तास एकटं बसायचं काय असतं ते मला माहितीये, नचिकेत. तुला तसं बसायला लागू नये, म्हणून आणलं."

नचिकेतने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मोकळेपणाने रडणंही त्याला जमत नव्हतं. उल्काला त्याची दया आली, तरी तिने कार्ड मागे घेतलं नाही. फोन पुन्हा वाजला. या वेळी तो तिने उचलला. पडद्यावर अरुणाबाईंचा सुजलेला चेहरा होता.

"झाली का ग सही?"

"नाही झाली, आई. आणि होणारही नाही." तिने आवाज चढू दिला नाही. "ती चावी तुम्ही हरवली नव्हती. पन्नास वर्षांत एकदा तरी कुणी ते मोठ्याने म्हणालं का? मी म्हणते. तुम्ही हरवली नव्हती."

अरुणाबाईंनी फोन जरा लांब धरला. त्या नुसत्या पदराने डोळे पुसत राहिल्या, आणि थोड्या वेळाने त्यांनीच फोन बंद केला.

आतल्या खोलीतून ज्ञानदा धावत आली. तिने आईचा हात धरला आणि बापाकडे न बघता विचारलं, "मामा, इंदो?"

"नाही," उल्का म्हणाली. "मी जाणार नाही असं सांगून आलेय. चल, अंडी आणायला जाऊ."

उल्काचं प्रकरण अजून चालू आहे. ते कसं संपेल हे होसाका-सानही सांगू शकत नाहीत. पण एक गोष्ट आत्ताच सांगता येईल. येत्या संक्रांतीला ओजिमात हळदीकुंकवाची यादी होईल, आणि मागच्या वर्षी एक नाव गळलं होतं, या वर्षी दोन गळतील. ती यादी उल्हासकाका करत नाहीत. ती तुमच्या-माझ्यासारख्या चांगल्या घरातल्या बायका करतात, चहा पिता पिता, कुणाचं वाईट न चिंतता. पेन आपल्याच हातात असतं. या वेळी रेघ ओढण्यापूर्वी, सात मजले जिना चढून गेलेली ती बाई एकदा आठवून पाहा.